मिन्काकाकूंचं कर्ज

गाब्रोवो, ७ मे २०२५

लाडक्या वेस्का,

तुला आणि तुझ्या चौथ्या मजल्यावरच्या संसाराला माझे पोटभर आशीर्वाद. कोल्योच्या बसने हे पत्र आणि लाल मिरचीच्या चटणीची बरणी पाठवते आहे. बरणी धुऊन परत पाठव, आणि झाकणासकट पाठव. मागच्या वेळी नुसतीच बरणी आली होती. फोन मात्र करू नकोस. कानातल्या यंत्रापाशी फोन नेला की ते शिट्टी मारतं, मग तू बोलतेस काय आणि मी ऐकते काय. त्यापेक्षा पत्र बरं. कोल्यो सोफियाला रोज जातोच, आणि टपालाचं तिकीटही मागत नाही. चीज भरलेल्या बानित्साच्या एका तुकड्यावर खूश असतो.

माझ्या दारिनाची राली बारावी झाली बरं का. चोवीस तारखेला निरोपाचा सोहळा आहे. समोरच्यांनी आत्तापासून अंगणात तंबू ठोकलाय, क्लॅरिनेटवाला प्लोव्दिवहून आणणार म्हणे. दारिनाला येता येणार नाही. इटलीत ती सांभाळते ती म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, तिला सोडून लेकीच्या निरोपाला ये असं मी कोणत्या तोंडाने सांगू? रालीला आई दारात नसली तरी बाकी काही कमी पडू देणार नाही. गल्लीतल्या पोरींसारखीच तीही वाजतगाजत निघेल.

आता एक काम. माझं नाही, मिन्काचं. भिंतीपलीकडची मिन्का, तुझी मिन्काकाकू. तिने परवा, सोमवारी, चौकातल्या एका झटपट कर्जाच्या दुकानातून दोन हजार लेव्हा घेतले. आपल्या काटकसरी गावाच्या रीतीप्रमाणे चार दुकानं पालथी घातली, सगळ्यांचं व्याज विचारलं, सगळ्यात कमी जिथे होतं तिथेच घेतले. वर घासाघीस करून अर्धा टक्का आणखी खाली आणला आणि एक छत्री फुकट मिळवली. घरी आल्यावर कळलं की तीन दिवसांत दोन जामीनदार आणले नाहीत तर त्यांचीच दुसरी एक कंपनी जामीन राहते, आणि तिची फी दर हप्त्यात मिळवतात. दोन हजारांचे चार हजार होतात. पुढचं वर्षभर बिचारीची अर्धी पेन्शन त्यातच जाणार. तू सरकारात त्याच खात्यात आहेस म्हणून विचारते, तिला काही मार्ग आहे का? घाई नाही, पण लवकर कळव.

तुझी,
दोन्कामावशी

◆

सोफिया, ९ मे

प्रिय मावशी,

तुझ्या चटणीला आणि तुला नमस्कार. मागचं झाकण फ्रिजमागे सापडलं, या बरणीसोबत येतंय.

मिन्काकाकूंची गोष्ट मी ऑफिसात नाव न सांगता वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले. अर्ध्या टक्क्यासाठी तासभर हुज्जत घालणारी बाई कागदाचं दुसरं पान उलटत नाही, याला काय म्हणावं? आवळा देऊन कोहळा काढला त्यांच्याकडून, आणि आवळा कसला, तर छत्री. दोन जामीनदार आणायला काय झालं होतं? गल्लीत एवढी माणसं आहेत. तू तरी राहिली असतीस. ऋण काढून सण करू नये हे मला तुम्हीच सगळ्यांनी शिकवलंत, आणि आता या वयात हे उद्योग.

खरं सांगू का, मला राग येतो. सहा महिने मी ब्रुसेल्सहून आलेले नवे नियम आमच्या कायद्यात बसवते आहे. माणसाची ऐपत न बघता कर्ज देऊ नका, सगळे खर्च पहिल्याच पानावर सांगा, जाहिरातीवर ‘सावधान, कर्ज घ्यायला पैसे पडतात’ असं ठळक छापा. व्याजाला आम्ही छप्पर घातलं तर ही मंडळी जामिनाच्या खिडकीतून आत शिरली. आता ती खिडकी बंद करायच्या मागे आहोत. पण लोकांनी वाचायलाच नको म्हटलं तर आम्ही नियम कोणासाठी करतो?

असो. मार्ग आहे, आणि सोपा आहे. कर्ज घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, कुठलंही कारण न देता, ते परत करता येतं. हा युरोपातल्या प्रत्येक माणसाचा हक्क आहे. मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचं किरकोळ व्याज द्यायचं. कर्ज गेलं की जामीन आणि त्याची फीही त्याच्याबरोबर जाते. अर्जाचा मजकूर सोबत आहे, काकूंना खाली फक्त सही करायला सांग. आणि दोन शब्द माझ्याकडून ऐकवही.

तुझी,
वेस्का

◆

गाब्रोवो, ११ मे

वेस्का बाळा,

बरणी पोचली. झाकणं मोजून घेतली.

तुझं पत्र मिन्काला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते हसण्याचं मी गाळायला हवं होतं, असं आता वाटतं. तेव्हापासून तिचं जेवणावर लक्ष नाही.

‘सावधान, कर्ज घ्यायला पैसे पडतात’ हे शोधायला ब्रुसेल्सपर्यंत जायची काय गरज होती? आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ते ठाऊक आहे. ठाऊक असणं वेगळं आणि वेळ येणं वेगळं, असं मिन्का म्हणते. ‘कारण न देता’ हे मात्र तिला दोनदा वाचून दाखवावं लागलं. चाळीस वर्षं आम्ही गिरणीत काढली, पाणी प्यायला उठायचं तरी मुकादमाला कारण सांगावं लागे. असला हक्क कोणी उगाच देत नाही, यात काहीतरी मेख असणार असं तिला वाटलं.

आणि मेख आहेच. पैसे तिच्याकडे उरलेले नाहीत. कशाला खर्चले ते विचारू नकोस, बाईमाणसाची गोष्ट आहे. पैसे खर्च झाले असले तर तुमचा ब्रुसेल्सचा माणूस काय म्हणतो?

रालीचा झगा काल शिवून आला. फिकट हिरवा, वाऱ्यावर हलणारा. ती घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा मला दारिनाच दिसली. क्लॅरिनेटवाल्यालाही पैसे देऊन टाकले आहेत. तू येशील ना?

मावशी

◆

सोफिया, १३ मे

मावशी,

मी येणारच. तेवीसला शेवटच्या बसने.

ब्रुसेल्सचा माणूस म्हणतो, पैसे कुठूनही आणा, पण परत करा. मिन्काकाकूंकडे नाहीत यावर माझा विश्वास नाही. तुमच्या वयाच्या प्रत्येक बाईने मरणाचे पैसे बांधून ठेवलेले असतात, आणि काकूंनी तर व्याजासकट ठेवले असतील. ते काढायचे आणि कर्ज फेडायचं. जिवंतपणी गळ्याला फास लावून घ्यायचा आणि मेल्यावरची सोय शाबूत ठेवायची, हा कुठला हिशेब?

तू मध्ये निरोप ने-आण करत बसू नकोस, मुदत सोमवारी संपेल. त्यांचे कान शाबूत आहेत. मी आज संध्याकाळी त्यांनाच फोन करते आणि चांगली समजावते.

वेस्का

◆

गाब्रोवो, १४ मे

वेसेलास,

काल फोनवर मी जे बोलले ते रागात बोलले. आता शांतपणे तेच लिहिते.

मी जन्मात कोणाकडून एक अंडं उसनं आणलेलं नाही. झटपट कर्जाच्या दुकानाची पायरी मी चढले नाही, मला छत्री मिळाली नाही, आणि तुझ्या ऑफिसात हसण्यासारखं मी काहीही केलेलं नाही. माझ्या नावावर हे कर्ज तुझ्या मावशीने चढवलं आहे, तेही पत्रातून, फुकट.

फोन ठेवला आणि मी तशीच स्लिपर घालून तिच्या दारात गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागली. मग भांडण राहूनच गेलं. लिंबू पिळून चहा केला तो मीच, तिच्या घरात, तिच्या साखरेने.

सगळं त्या पोरीच्या झग्यासाठी आणि वाजंत्र्यासाठी. जामीन राहशील का म्हणून मला विचारायची तिला लाज वाटली, माझं नाव वापरायची नाही वाटली. विचारलं असतं तर मी राहिले नसते, हे खरं आहे. पण विचारायचं तरी.

आता तू तिच्यावर ओरडू नकोस. ते काम मी करते आहे.

मिन्का

◆

सोफिया, १५ मे

माझी मावशी,

आधी तेच लिहिते जे सगळ्यात आधी लिहायला हवं. माझं चुकलं. मी हसले, आणि चार लोकांना हसवलं. ते पत्र तू स्वयंपाकघरात एकटीच वाचलंस, आणि मग मिन्काला जेवण जात नाही असं मला लिहिलंस. हे आठवलं की मला स्वतःचीच लाज वाटते. शहाणपण शिकवायला निघालेली मी, आणि मला एवढंही कळू नये की मिन्काकाकू कुठल्याच नातीचं लग्न, बारसं, निरोप करायच्या नाहीत, कारण त्यांना नातच नाही.

आणि दुसरं पान न उलटणाऱ्यांबद्दल मी जे लिहिलं ते मी परत घेते. ती पानं माणसाने उलटू नयेत अशाच बेताने लिहिलेली असतात. मला ते माहीत आहे, कारण मी रोज ती वाचते आणि मलाही ती तीनदा वाचावी लागतात.

आता ऐक. दोन हजार मी देते. घराचा हप्ता या महिन्यात बँकेशी बोलून पुढे ढकलीन. कोल्योच्या हाती उद्याच पाकीट पाठवते. राली वाजतगाजत निघेल आणि तू सोमवारी त्या दुकानात जाऊन मोकळी होशील. नाही म्हणू नकोस.

वेस्का

◆

गाब्रोवो, १६ मे

वेस्का,

पाकीट मी कोल्योच्या हाती तसंच परत पाठवलं आहे. मोजून घे.

तू आपला हप्ता पुढे ढकलायचा आणि मी माझा फेडायचा, म्हणजे कर्ज माझ्या घरातून उठून तुझ्या घरात जाऊन बसलं. तुझं ते घर अजून वीस वर्षं बँकेचंच आहे. त्यात माझी भर नको. तुझी आई असती तर तिने मला लाटणं घेऊन मारलं असतं.

तू म्हणशील, मग मरणाचे पैसे काढ. मिन्काबद्दल लिहिलंस तेव्हा मीच ते वाचत होते, म्हणून उत्तरही मीच देते. आहेत माझ्याकडे. कपाटात गाठोड्यात बांधून ठेवले आहेत, दोन हजार आणि वर थोडे. गिरणी बंद झाल्यापासून महिन्याला थोडे थोडे टाकत आले. कर्ज घेतलं ते त्यांना हात लावायला नको म्हणूनच. शहाण्यांना हे वेडेपण वाटेल.

पण तुला गिना आठवते का, माझ्या शेजारच्या मागावर असायची? गेल्या वर्षी गेली. मुलगा स्पेनमध्ये, त्याचा पत्ताही कोणाकडे नव्हता. नगरपालिकेने नेली. फळ्यांची पेटी, एक नंबर, संपलं. तिच्या नावाने चाळिसाव्या दिवशी कोणी उकडलेले गहूसुद्धा वाटले नाहीत. मी आणि मिन्का दोघीच उभ्या होतो, आणि खड्डा खणणारा माणूस घड्याळ बघत होता. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या मरणाचा भार कोणावर पडू द्यायचा नाही. दारिना इटलीहून वेळेवर पोचेल याचा भरवसा नाही. राली शिकायला जाईल. वेस्का, ते पैसे माझे नाहीतच. ते त्या दिवसाचे आहेत. त्यांना हात लावला तर मला झोप लागणार नाही, आणि नाही लावला तर वर्षभर अर्ध्या पेन्शनवर राहायचं. राहीन. यापेक्षा वाईट हिवाळे काढले आहेत.

रालीला यातलं काही कळता कामा नये.

मावशी

◆

सोफिया, १७ मे

मावशी,

आज शनिवार आहे आणि कोल्यो दुपारी निघतो, म्हणून घाईत लिहिते. पण विचार घाईत केलेला नाही.

तू जामीनदार आणले नाहीस म्हणून हे सगळं झालं ना? मग जामीनदार घे. हा करार आहे, मी असले कागद रोज तपासते, यात कुठे बारीक अक्षर नाही.

मी, वेसेला, दोन्काच्या धाकट्या बहिणीची मुलगी, जामीन राहते. कशाला, तर दोन्कामावशी जेव्हा केव्हा जाईल तेव्हाच्या तिच्या सगळ्या निरोपाला. चांगल्या लाकडाची पेटी, फुलं, प्रार्थना म्हणायला धर्मगुरू, आणि तिसऱ्या, नवव्या, चाळिसाव्या दिवशी उकडलेले गहू, साखर आणि अक्रोड घालून, संपूर्ण गल्लीला. दारिना पोचली तर तिच्यासोबत, नाही पोचली तर मी एकटी. फी नाही. व्याज नाही. दोन्काला हा करार केव्हाही, कारण न देता, मोडता येईल. जामीनदाराला माघार घ्यायचा हक्क नाही. साक्षीदार म्हणून मिन्काकाकूंनी खाली सही करावी. त्यांनी आजवर कोणासाठी सही केलेली नाही म्हणतात, म्हणजे त्यांच्या सहीला किंमत आहे.

आता कराराबाहेरचं. आई गेली तेव्हा मी सतरा वर्षांची होते. पुढे काय होणार, हे मी तुला एकदाही विचारलं नाही, कारण तू होतीस. मावशी, तुला कोणी नंबर लावून नेणार नाही. तू एकटी जाणार नाहीस. हे गाठोड्यातल्या पैशांनी होणार नव्हतं, गिनाकडेही थोडे पैसे असतीलच. हे माणसाने व्हायचं असतं, आणि ते माणूस मी आहे.

म्हणून ते पैसे त्या दिवसाचे नाहीत आता. तो दिवस माझा आहे. पैसे तुझे झाले. सोमवारी सकाळी दुकान उघडल्याबरोबर जा. मला रजा मिळत नाही, मिन्काकाकूंना बरोबर ने. अर्जावर तिथल्या मुलीचा शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

तुझी जामीनदार,
वेस्का

◆

गाब्रोवो, २६ मे

लाडक्या वेस्का,

काल तू बसमध्ये बसलीस आणि घर एकदम रिकामं झालं. राली अजून झोपली आहे. सोहळ्याला इथे तुझ्याशी नीट बोलायलाच मिळालं नाही, एवढी माणसं. अंगणातल्या टेबलांवर काही उरलं नाही, मिन्काने सगळ्यांच्या पिशव्या भरून दिल्या, स्वतःची सगळ्यात मोठी. समोरच्यांचा प्लोव्दिवचा क्लॅरिनेटवाला तासाभरात दमला. आपला गावचाच, पण तो थांबला नाही. राली फाटकातून बाहेर पडली आणि पोरं रस्त्यावर एक ते बारा मोजत ओरडत निघाली, तेव्हा तू माझा हात धरला होतास. दारिना फोनच्या पडद्यावर रडत होती, आणि मला शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

तुझ्या मनातली एक शंका दूर करते. दुकानात काय झालं ते मी नीट सांगितलं नव्हतं. त्या मुलीने अर्ज वाचला आणि विचारलं, का परत करताय आजी, काही अडचण आहे का? मी म्हणाले, ‘कारण देत नाही.’ एवढं बोलून मी मिन्काचा दंड धरला. ती आत गेली, तिचा साहेब आला, त्यानेही तेच विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. त्याने आणखी एकदा विचारलं, आणि तिसऱ्या वेळेला मला ते म्हणायला आवडायला लागलं. पैसे मोजून दिले, शिक्का घेतला. छत्री परत करा म्हणाला, तर मिन्का म्हणाली छत्री परत करायला मात्र कारण लागेल, ते तुम्ही द्या. छत्री आमच्याकडेच आहे.

तुझा कागद मी गाठोड्यात ठेवला आहे, पैसे होते त्या जागी. मिन्काने सही करायच्या आधी तो दोनदा वाचला, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाली, असा कागद मला कोणी दिला असता तर मी त्याच दिवशी मेले असते. मी तिला म्हटलं, तुझ्या नावाच्या कागदालाही जागा आहे, माझ्या भाचीला विचारून बघ. ती विचारणार नाही. तूच विचार.

आता तू परवा जे विचारलंस त्याचं उत्तर. माझा निळा पोशाख नवा शिवलास का, असं तू म्हणालीस आणि मी विषय बदलला. नवा नव्हता. पैसे काढायला गाठोडं सोडलं तेव्हा त्याखालीच होता, बुटांसकट, त्या दिवसासाठी सात वर्षांपूर्वी शिवून ठेवलेला. अंगाला लावून बघितला. चांगला बसला. म्हटलं, एवढं चांगलं कापड आणि मला कधी दिसणारच नाही अंगावर. म्हणून घातला. नातीच्या निरोपाला मी माझ्या निरोपाच्या कपड्यात नाचले, आणि कोणाला कळलं नाही.

पण वेस्का, पोशाखाच्या पुढच्या भागावर लाल वाइन सांडली आहे, मिन्काच्या हातून. डाग निघत नाही. एका बुटाची टाच वाजंत्र्यापुढेच उडाली. पैसे तर संपलेच. म्हणजे पेटीत घालायला आता माझ्याकडे धड कपडे नाहीत, बूट नाहीत आणि नवे घ्यायला एक लेव्हा नाही. साठवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि तीही जानेवारीपासून येणाऱ्या युरोत. तोवर मला मरायला अजिबात सवड नाही.

तुझी,
मावशी